अडलेलं कार्ड

३ मार्च
बाबा पालथे झोपलेत. डोळ्याचा पडदा सुटला होता, तो डॉक्टरांनी चिकटवलाय. आत वायूचा बुडबुडा भरलाय, तो पडदा दाबून धरणार — म्हणून दहा दिवस तोंड खाली, वर पट्टी. दुसरा डोळा चार वर्षांपूर्वीच गेला. उरलाय तो हाच.
विचारलं, वाचता येईल ना त्यांना? डॉक्टर म्हणाले, "बघू."
या "बघू"चा मला इतका राग आला!

४ मार्च
उशीतून आवाज — "माझं कार्ड कुठंय?"
शब्दकोशाचं कार्ड. इंग्रजीतून मराठीत. बावीस वर्षं आमचं जेवणाचं टेबल या कार्डांच्या ताब्यात आहे. आई होती तेव्हाही आम्ही ताटं मांडीवर घेऊनच जेवायचो. आता घरात दोघंच, तरी टेबल काही सुटलेलं नाही. डी अक्षराची सगळी कार्डं सह्या होऊन तयार. एकच अडलं — डॉन. ते लिहिता लिहिताच बाबांच्या डोळ्यापुढे काळं आलं.
आत्याला फोनवर सांगितलं. "डॉन म्हणजे गुंड ना गं? त्याच्यापायी दादाने डोळा घालवला?" म्हटलं, अगं, उजाडतं तो डॉन. "मग उजाडणं लिहा आणि मोकळे व्हा!"

६ मार्च
मोकळं होणं बाबांच्या पत्रिकेत नाही. आज दिवसभर जाडे कोश वाचून दाखवले. मूळ सापडलं — फार जुनं क्रियापद, 'दिवस होणे'. इंग्रजीतल्या 'डे'चंच भावंड. आधी नुसतं ते क्रियापद. मग त्यावरून उजाडण्याच्या क्रियेला एक लांब शब्द झाला. पुढे त्याचं शेपूट गळलं आणि कितीतरी शतकांनी आजचं हे आखूड नाम आलं.
बाबा खूश. "म्हणजे बघ, आधी नुसतंच उजाडत होतं. नाव मागून आलं." मग लगेच खडूसपणा — "पहाट एवढंच लिहू नकोस. पहाटेला अंधार असतो. हा उजेड फुटतानाचा शब्द आहे. तांबडं फुटणं लिही."
लिहिलं. पुढे 'आरंभ'. त्यापुढे 'हळूहळू लक्षात येणे'.

७ मार्च
उदाहरणाचं वाक्य राहिलं. बाबांचा नियम — वाक्य रचायचं नाही, घडलेलं लिहायचं. सी अक्षरात माझी करपलेली पोळी आहे, आईचा खोकला आहे. आईचा खोकला आता फक्त तिथेच आहे.
"हे वाक्य मी माझ्या डोळ्याने बघून लिहिणार," म्हणाले. मी ती ओळ कोरी सोडली.

९ मार्च
आज खोटं बोलले.
रात्रभर त्यांची मान अवघडलेली. दर दहा मिनिटांनी "उजाडलं का?" — उजाडलं की चहापुरतं उठून बसायची परवानगी आहे. चार वाजता मला बघवेना. म्हटलं, "उजाडलं, बाबा." बसवलं, मान खालीच ठेवून चहा दिला. म्हणाले, "पेपर वाच." पेपर यायला दोन तास होते! कालचाच वाचला. मथळे, हवामान, सगळं, अगदी खणखणीत आवाजात. ते गुपचूप ऐकत राहिले. मग पालथे पडले ते गाढ झोपले.
त्यांच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. परत वेळ आली तर परत बोलेन.

१३ मार्च
पट्टी निघाली. माझा हात हलताना कळतो, बोटं मोजता येत नाहीत. डॉक्टर — "बुडबुडा विरू दे." घरी आल्यावर जिना चढताना बाबांनी माझा दंड धरला होता, फार घट्ट.

२ एप्रिल
प्रकाशकांचा तिसरा फोन. एका कार्डासाठी अख्खं डी थांबलंय. मी म्हटलं, बाबा, तुम्ही वाक्य सांगा, मी लिहिते. सहीपुरता हात धरते.
"नको."
"आणि नाहीच दिसलं तर?"
"तर तू लिही. पण खरं लिही."
स्वयंपाकघरात जाऊन रडले. भांडी मुद्दाम जोरात घासली.

११ एप्रिल
खिडकीची चौकट दिसते म्हणाले. की मला बरं वाटावं म्हणून?

१९ एप्रिल
उठले तर टेबलावर ते कार्ड. उदाहरणाच्या ओळीत —
'तांबडे फुटायला दोन तास असताना मुलीने उजाडल्याचे सांगितले व कालचे वर्तमानपत्र वाचून दाखवले. बापाला शांत झोप लागली.'
खाली सही. मुंगीएवढी अक्षरं, ओळीवर सरळ. आणि मी वर लिहिलेल्या 'हळूहळू'तला सुटलेला एक उकार लाल शाईने दुरुस्त केलेला.