‘कु.’ या अक्षराचा खुलासा

इंदिरानगर, नाशिक
१९ जानेवारी २०२५

चि. मनालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम आहे. थंडी कडाक्याची असून कानटोपीविना मला गॅलरीतही प्रवेश नाही. त्यामुळे सोसायटीत माझे तेज काहीसे झाकले गेले आहे. शाळेत संस्कृतच्या तासाला मुले पूर्ववत निद्राधीन होतात. असो.

तुझा परवाचा फोन मी सविस्तर ऐकला. बोलत तुझी आई होती. मी शेजारी वर्तमानपत्र वाचण्याचा अभिनय करीत होतो. सारांश कळला तो असा: तुझी कंपनी बंद पडली, तिच्यामागोमाग तुझा व्हिसाही आचके देऊ लागला, आणि मेलबर्नमध्ये कायम वास्तव्याचा अधिकार असलेल्या कुंदनने ‘ही माझी जोडीदार’ असे सांगून तुझ्यासाठी अर्ज केला. हे दोघे खरोखर एकत्र संसार करतात, असे पित्याने शपथेवर लिहून द्यायचे होते. ते मी दिले. आता तिकडचे व्हिसाचे खाते विचारते, पिताच कन्येस अविवाहित कुमारिका म्हणत असेल, तर हा संसार कोणाचा?

दोष निःसंशय भाषांतरकाराचा. माझा मजकूर निर्दोष होता: ‘माझी कन्या कु. मनाली ही श्री. कुंदन यांचेसमवेत एका गृहात वास्तव्य करते.’ त्या सद्गृहस्थाने ‘कु.’चा विस्तार थेट कौमार्यापर्यंत नेला. अक्षर केवढे आणि अनर्थ केवढा!

आईला म्हणालो, “तिच्या जन्मापासूनची सवय. हात आपोआप वळला.”

ती वाटाणे सोलत होती. “हात वळला होय? व्हिसा नाही मिळाला तर पोरगी घरी येईल, असं वाटलं असेल तुम्हाला.”

“हा निखालस अपप्रचार आहे.”

“मग तिची खोली रंगवून कशाला घेतली?”

या प्रश्नास शास्त्राधार नसल्याने मी वाटाणे सोलू लागलो. भिंतीस ओल आली होती, हे तू ध्यानात घ्यावेस.

काल नव्या प्रतिज्ञापत्रासाठी नोटरी धोंडीराम वकिलांकडे गेलो. त्यांनी पेन उचलून विचारले, “सर, नावामागे काय लावू? कु. की सौ.?”

“लग्न झालेले नाही, म्हणून सौ. असत्य. आणि कु.ने आधीच घात केला आहे.”

“मग श्रीमती टाकू?”

“अहो, तो मुलगा चांगला धडधाकट आहे!”

“बरं, नुसतं मनाली लिहितो. आणि तो तुमचा कोण लागतो?”

सोसायटीत मी त्यास तुझा ‘रूममेट’ म्हणतो; सायखेड्याच्या काकांना ‘एक सिन्नरकर स्नेही’ सांगितले आहे. पण दिवाळीनंतर तुला ताप आला, तेव्हा त्याने मला फोन केला होता, हे तुला ठाऊक नसावे. “काका, ती गोळ्याच घेत नाहीये. काय करू?” मी म्हणालो, “रागाव तिला.” तो म्हणाला, “तुम्हीच रागवा ना. मला भीती वाटते.” हा मनुष्य तुला पुरता ओळखतो, याविषयी तत्क्षणी माझी खात्री पटली.

“जावई,” मी म्हणालो.

त्यांनी ‘होणारे जावई’ लिहिले. ‘होणारे’ मी खोडायला लावले.

शेवटच्या ओळीत, हे नाते कायमचे आहे असा माझा विश्वास आहे, असे लिहावे लागते. ‘कायम’ हा शब्द मूळचा अरबी. मी ‘चिरंतन’ सुचवले, मग ‘आजीवन’, मग ‘शाश्वत’. धोंडीराम म्हणाले, “सर, अर्थ तोच होणार ना?”

तोच होणार. तू आता तिकडेच राहणार, हा. मी ‘कायम’च ठेवले आणि सही केली. सही किंचित वाकडी आली आहे. नोटरीचे टेबल डुगडुगते.

कागद आज कुरिअरने भाषांतरकाराकडे रवाना झाला. भाषांतर मेलबर्नला पोचण्याआधी मी स्वतः वाचणार आहे. खात्याने मला फोन केलाच, तर इंग्रजीत बोलेन. त्यांना सोसावे लागेल.

कुंदनला म्हणावे, ‘काका’ आता पुरे. एकदम ‘बाबा’ म्हणताना जीभ अडखळली, तर काही दिवस नुसते ‘अहो’ चालेल.

शपथपूर्वक,
तुम्हा दोघांचा
बाबा