छत्री दिसली म्हणून

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मानवजातीवर आजवर पुष्कळ अत्याचार झाले. परवाचा माझ्यावरचा त्यात नोंदवून ठेव. दवाखान्याजवळच्या चौकात पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला, म्हणून काखेत छत्री मारून, लिंबांची पिशवी घेऊन मी ऐटीत रस्ता ओलांडत होतो. अर्ध्यात पोचतो तोच एक ॲम्ब्युलन्स थेट माझ्या नाकासमोर येऊन थांबली. मी दचकलो, पिशवी सुटली आणि लिंबं चहूकडे पांगली, कामाच्या वेळी नातेवाईक पांगतात तशी. काचेवर ऊन होतं, त्यामुळे चालक महाशय दिसले नाहीत. पण सायरन न वाजवता अंगावर येतात म्हणजे काय?

तू आता कानाच्या यंत्राचा विषय काढशील. ते खणात सुखरूप आहे. उद्यापासून लावतो असं मी तुला म्हणालो होतो खरा, पण कुठल्या उद्यापासून, हे आपलं ठरलं नव्हतं.

तुझी लेक भिंगरी त्याच धंद्यात आहे. तिच्या भाऊबंदांना चार शब्द सुनवायला सांग.

लोभ आहेच, वाढवलास तर तक्रार नाही.

तुझा भाऊ

दि. ७ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझ्या लिंबांची हकिगत वाचली आणि लगेच लिहायला बसले. अरे, सायरन वाजत होता. गाडी भिंगरीचीच होती.

आत जो पेशंट होता, त्याच्या मुलाने तक्रार केलीय, की वडील धापा टाकत असताना ही बाई लाल दिव्याला गाडी थांबवून बसली. ते वेळेत पोचले, आता बरेही होतायत, पण सोमवारी भिंगरीची चौकशी आहे. तिला गाडीवरून उतरवतील, अशी कुजबुज आहे. ती म्हणते, सायरन लावून लाल दिवा ओलांडायची मुभा आहे, माणसाच्या अंगावर जायची नाही. कुणाला लागलं, तर जबाब सायरन देत नाही, चालकाला द्यावा लागतो.

समोर कोण होतं, हे मात्र सांगायला तयार नव्हती. छत्रीवाले गृहस्थ होते आणि लिंबं सांडली, एवढंच. का सांगत नव्हती, ते आता कळलं. मामासाठी थांबली असंच म्हणतील ना सगळे! सोमवारी साक्षीला जायचं की नाही ते तूच ठरव. मला काही सुचत नाही.

जपून राहा. रस्त्यात तर फारच.

ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. साहेबांनी चालकाशी नातं विचारलं. सख्खा मामा, म्हणालो. तो मुलगा ताडकन उठला. मामासाठी माझ्या बापाला अडवलं, म्हणाला. मला वाटलं, घातली आपण माती.

तेवढ्यात भिंगरी उभी राहिली. आवाज बिलकुल चढवला नाही तिने. ब्रेक दाबला तेव्हा फक्त छत्री दिसली, छत्रीला मामा जोडलेला आहे हे लिंबं घरंगळल्यावर कळलं, असं म्हणाली. मग त्या मुलाकडे वळून म्हणाली, की त्या माणसाला उडवलं असतं तर मला तिथेच थांबावं लागलं असतं, आणि तुमचे वडीलही माझ्याबरोबर चौकातच अडकले असते. मुलगा खाली बसला.

साहेबांनी निकाल दिला, की मुभा वापरण्याआधी रस्ता मोकळा आहे ना ते पाहणं हेच चालकाचं काम, आणि तिने ते चोख केलं. दुपारी ती पुन्हा गाडीवर. बाहेर पडताना मी शिपायाला सांगितलं, ही माझी भाची. त्याने विचारलं नव्हतं. पानवाल्यानेही विचारलं नव्हतं.

आज सकाळी पुन्हा लिंबं आणायला गेलो. दिवा हिरवा होता, रस्ता माझा होता. पण लांबून, पार दवाखान्याच्या पलीकडून, सायरन ऐकू आला. मी फुटपाथवरच थांबलो. भिंगरी समोरून सुसाट गेली. केवढा मोठा आवाज गं तो!

लोभ राहू दे; बाकी सगळं ऐकू येतंय.

तुझा भाऊ

ता. क. खण रिकामा आहे.