हाजींच्या आईच्या नावाची पाणपोई

अलेक्झांड्रिया, ५ ऑक्टोबर १९८८

ती. बद्रियाताईस तल्बाचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र आणि वाळवलेली भेंडी, दोन्ही पोचलं. भेंडी अजून शिजवली नाही, कारण माझ्या तोंडाची चवच गेलीय. का ते वाचशील तर तूही ताट दूर सारशील.

वरच्या मजल्यांना पाणी येईना, म्हणून गच्चीवरची टाकी बघायला गेलो. झाकण कधीच उडालेलं. आत शेजाऱ्याची कबुतरं फुगून तरंगत होती आणि तळाला हिरवा बुळबुळीत गाळ. इतकी वर्षं या इमारतीचे तुंबलेले संडास मोकळे करतोय, पण असलं काही कधी पाहिलं नव्हतं. तिथंच ओकलो.

आमचे मालक हाजी सबरी यांची आई नुकतीच वारली. तिला पुण्य लागावं म्हणून त्यांनी रस्त्यावर पाणपोई बसवलीय, वर सोनेरी अक्षरांत तिचं नाव. पाणी याच टाकीचं! टांगेवाले, शाळेची पोरं घटाघटा पितात आणि म्हातारीला दुवा देतात. मी हाजींना सांगितलं, तर म्हणाले, कबुतरं काढ आणि गप्प बस. आईच्या चाळिसाव्या दिवसाला गणगोत येणार, तेव्हा पाणपोई कोरडी दिसता कामा नये. फुकट पिणाऱ्यांना कसली चव कळतेय, असंही वर! मी नळ बंद केला, तो त्यांनी स्वतः उघडला आणि बजावलं की तोंड उघडलंस तर जिन्याखालची खोली सोड. ताई, मला त्या कबुतरांपेक्षा या माणसाची जास्त किळस आली.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा तल्बा

सोहाग, १४ ऑक्टोबर

चि. तल्बास अ. उ. आ.

लहानपणी माशी पडली म्हणून ताकाचा अख्खा माठ ओतून देणारा तू, अजून तस्साच! पण बाबा, ती नोकरी तुझ्या दाजींनी शब्द टाकून मिळवलीय. इथं तुझ्या बायकोला, फतहियाला, सातवा महिना लागलाय, बाळंतपण शहरात होणार म्हणून तिनं ट्रंक बांधून ठेवलीय. खोली गेली तर तिला ठेवशील कुठं? चाळिसावा होईपर्यंत कळ काढ. हे लिहिलं खरं, पण तेव्हापासून मलाही तांब्या तोंडाला लाववेना. मेला तो हाजी!

प्रकृतीला जप, आमच्यावर रुसू नकोस.
तुझी ताई बद्रिया

अलेक्झांड्रिया, २१ ऑक्टोबर

ती. ताईस सलाम, वि. वि.

काल चाळिसावा झाला. कळ काढणार होतो, तुझी शपथ. पण हाजींनी मलाच पाणपोईचे ग्लास भरून पाहुण्यांत फिरवायला सांगितलं. मी तबक आधी त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, आईच्या नावाचं पाणी, पहिला मान मुलाचा. हाजींनी ग्लास हातात घेतला, पण ओठाला लागेना. म्हणाले, आज माझा रोजा आहे. त्यांची मावशी तहिया कडाडली की, मग मघाशी कॉफी कोण प्यायलं, तुझा बाप? आणि तिनं तो ग्लास स्वतःच तोंडाला लावला. ताई, मी म्हातारीचं मनगट धरलं. मग राहवेना, सगळं बोलून टाकलं.

हाजी ओरडले, खोटारडा आहे, आत्ताच्या आत्ता खोली सोड. मावशी म्हणाली, खोटारडा असेल तर वर जा, टाकीतलं पाणी भरून आण आणि माझ्यासमोर पी. पांढराशुभ्र झगा सावरत हाजी गच्चीवर गेले. कबुतरं मी काढली होती, गाळ होताच. ते खाली आले तेव्हा झगा पुढून ओकारीनं भरलेला. मावशीनं मला पाणपोईवरची नावाची पाटी उतरवायला लावली. म्हणाली, माझ्या बहिणीला असलं पुण्य नको.

खोली मात्र गेलीच. तरी टाकी घासूनच निघणार आहे, त्या पोरांना तेच पाणी प्यायचंय. पुढच्या आठवड्यात गावी येतोय. फतहियाला ट्रंक सोडायला सांग, दाजींच्या पाया पडून माफी मागेन. आल्या आल्या तू पाणी पुढे करशील. पण आधी मी ग्लासात निरखून बघेन, मग पिईन. तेवढा राग मानू नकोस.

होतो तस्साच राहिलेला,
तल्बा