ओटीसाठी पाट

आष्टा, सोमवार, १२ फेब्रुवारी

आईचा बदललेला खुबा झोपेत निखळला, असं काल मी इथं लिहिलं. ते खोटं आहे. डॉक्टरांना सांगितलं तेच इथंही लिहिलं.

खुबा निखळला तो काकूकडे, ओटी घेताना. खाली बसायचं नाही, हे ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. मी खुर्ची पुढे केली, तर काकू म्हणाली, "खुर्चीवर बसून कोण ओटी घेतंय गं? दोन मिनिटाचं काम हाय." पाट काकूनं मांडला. पण दंडाला धरून आईला त्या पाटावर बसवलं कुणी? मीच.

खुबा जागेवर बसवलाय. पण आज सांगलीचे डॉक्टर म्हणाले, झोपेत निखळतो म्हणजे सांधा सैल असणार, बहुतेक पुन्हा उघडावं लागेल. आई मला हळूच म्हणाली, "काकूचं नाव घिऊ नगंस. उघडू देत."

आणि काकू? आईच्या उशाशी बसून म्हणते, "हल्लीच्या आपरेशनात दमच न्हाई बघ."

त्या पाटापायी आईला पुन्हा कापू द्यायचं?

गुरुवारी, १५ तारखेला, डॉक्टर निर्णय घेणार. काकू डबा घेऊन दवाखान्यातच असेल. तिच्यासमोरच सांगणार.