लेकीसाठी काढलेला दांडा

मखमलाबाद, नाशिक
१४ डिसेंबर १९९८

चि. महेशराव जावईबापूंना भिमाजीचा मायेचा नमस्कार. तुमच्या आई-वडिलांची तब्येत कशी आहे? आमची साई वेळेवर जेवते ना? (अर्ध्या ताटावरून उठायची तिला लहानपणापासून खोड आहे.) इकडे आम्ही मजेत आहोत, मी तर जरा जास्तच.

सातव्या महिन्यात प्रवासाचे हादरे नकोत, बाळंतपण पुण्यातच करू, असं तुम्ही लिहिलंत. पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही? फार लागलं हो मनाला. म्हणून आमची जुनी जीप मी स्वतःच सुधारायला घेतली. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक वाकडा लोखंडी दांडा असतो, त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. डावं चाक खड्ड्यात गेलं की तो उजव्या बाजूलाही हिसका देतो. काढूनच टाकला! (पाने माझे, अक्कलही माझीच.) मग तुमच्या सासूबाईंना शेजारी बसवलं, मांडीवर काठोकाठ ताकाचं पातेलं दिलं आणि मळ्याच्या रस्त्यानं निघालो. महेशराव, एवढ्या खड्ड्यांतून थेंब सांडला नाही! माझी छाती अशी फुगली की पेठ रोडला डावं वळण घेताना वेग कमी करायचं राहूनच गेलं. जीप माझ्या बाजूला कलली आणि ताक, पातेलं, सासूबाई, तिघंही माझ्या अंगावर आली.

तसाच गॅरेजात गेलो, तर बारकू मिस्त्री पोट धरून हसला. म्हणाला, "तात्या, वळनावर गाडी एका अंगाला दबती, तव्हा ह्यो दांडाच दोन्ही बाजू बांधून तिला सरळ धरतो. त्याचे थोडे हिसके सोसायचे." तासाभरात दांडा परत बसवला. आता मळ्यात येईल त्याला मी जीपखाली झोपवून तो दाखवतो. परवा तलाठीसुद्धा झोपले. एवढा अभ्यास करून लेकीला आणायला निघालेला बाप उभ्या जिल्ह्यात दुसरा नसेल. रविवारी येतो.

तुमचा
भिमाजी

ता. क. सासूबाई म्हणतात, "त्या जीपमधी मी पाय ठेवनार नाय." त्या एस.टी.नं येतील.

आणखी एक. डॉक्टर जीपला नको म्हणाले तर मीही एस.टी.नं येतो. एस.टी.लाही नको म्हणाले तर बाळंतपण पुण्यातच होऊ द्या, फक्त आम्हा दोघांना तोवर तुमच्याकडे राहू द्या. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं खायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. शिधा आणि स्टोव्ह आम्ही घेऊन येऊ.