पंपवालीच्या मागच्या चिखलात

९ जून
आज दुपारी पंपवालीने पाना खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, आणि तिथे माझं आयुष्य बदललं!

मी सरळ विचारून टाकलं होतं — "लग्न करशील माझ्याशी?" ती आमच्या रोपवाटिकेचा पंप दुरुस्त करत होती, मी वायर धरून उभा. (मामाचा पंप हल्ली फार बिघडतो. बहुतेक वेळा मीच बिघडवतो.)

हसली नाही. म्हणाली, "कॉलेज अर्धं सोडलंस. व्यायामशाळा अर्धी. माउथ ऑर्गन तर वाजायच्या आतच. एक गोष्ट शेवटाला नेऊन दाखव." तिच्या दुकानामागे वर्षभर पाणी साचतं. पेरू, लिंबू, चिकू — तिच्या बाबांनी लावलं ते सगळं कुजून गेलं. "तिथे एक फळझाड जगव. बीपासून. मग बोलू."

बोलू! म्हणजे जवळजवळ हो!

१० जून
मामाला विचारलं, चिखलात काय जगतं. "बेडूक."

मग दया आली असावी. म्हणाला, तळ्यापलीकडच्या दलदलीत एक झाड आहे, रामफळाच्या कुळातलं. पाण्यात पाय सोडून उभं असतं, फळं तरंगत काठाला येतात. गेलो. चपला दलदलीने ठेवून घेतल्या. फळं मिळाली. एक खाल्लं — साबण लावलेलं खरबूज! बिया मात्र भरपूर.

२८ जून
मामी कडाडली, "अंघोळीच्या बादलीत काय भिजत घातलंयस?"
"बिया."
"काढ त्या, नाहीतर तुलाच भिजत घालीन."

२ ऑगस्ट
उगवलं!! एकच. पण काय रुबाब!

कुंडी घेऊन दुकानात धावलो. पंपवालीने डोळे बारीक केले. "हे गवत नाही ना?"

१९ सप्टेंबर
पानं पिवळी पडली. मामाचा पहिला नियम — कुंडीखाली पाणी साचू द्यायचं नाही. अक्षरशः पाळला. तळाला खडी घातली, रोज बशी उपडी केली, ऊन दाखवलं. तरी साहेब रुसलेलेच. संध्याकाळी पंपवालीने विचारलं, "काय, हेही अर्धंच?"

डोकं सटकलं. घरी येऊन कुंडी उचलली आणि रोपवाटिकेमागच्या गाळाच्या हौदात भिरकावली. जा, मर!

३० सप्टेंबर
राग आज उतरला. (माझ्या मानाने लवकर.) कुंडी तरी आणावी म्हणून हौदाशी गेलो. पाहतो तर गळ्यापर्यंत पाण्यात बसलंय — आणि नवी पानं, तेल लावल्यासारखी चकचकीत!

दलदलीतलं झाड आम्ही वाळवून वाळवून मारत होतो!

मामाने वाकून हौदात बघितलं. मग हळूच म्हणाला, "गिऱ्हाइकांना सांगू नकोस."

३ ऑक्टोबर
मामी त्याला जावई म्हणते. "जावई बसलेत हौदात, कपडे दुसरीकडे धू."

१४ मार्च
झाड माझ्या छातीपर्यंत आलंय. खोड बोटाएवढं जाड. आणि आज मामा चाकू घेऊन हजर! शेंडा उडवायचा, वर रामफळाची काडी बांधायची. मुळं याची, फळ त्याचं.

"मामा, माझ्या झाडाला हात लावलास ना, तर बघ!"
"मग लग्नानंतर बायकोला साबण खायला घाल."

दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. जेवलो मात्र.

१६ मार्च
चाकू शेवटी मीच धरला. डोळे मिटणार होतो, पण बोट गेलं असतं. खच्! शेंडा हातात आला. याच शेंड्याशी मी रोज सकाळी बोलायचो, वेड्यासारखा. खोडाला चीर दिली, काडी बसवली, पट्टी आवळली, वर प्लास्टिकची पिशवी. मामी लगबगीने आत गेली. डोळे का पुसतेस विचारलं तर म्हणे कांदा चिरतेय. हातात कांदा नव्हता.

११ एप्रिल
काडीला हिरवा डोळा फुटला. मामाने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून हुळहुळतंय!

५ जुलै
लावलं!! मी गुडघाभर चिखलात, पंपवाली काठावर, तिचे बाबा खिडकीत.

"तिरकं आहे रे!"
"जमीन तिरकी आहे, काका!"
"मग जमीन सरळ कर!"

पंपवाली पोट धरून हसली. झाडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "उद्या ये. बोलू."

उद्या! निळ्या शर्टाला इस्त्री केली. एक बाही जाळली. पांढऱ्याला केली.

६ जुलै
"नाही," म्हणाली.

"आठवडाभरात सोडशील असं वाटलं, म्हणून अट घातली. हो म्हणायचं माझ्या मनात तेव्हाही नव्हतं, आताही नाही. तोंडावर सांगायला हवं होतं रे. चुकले मी. हवं तेवढं रागाव."

रागावलो. घरी येऊन कुदळ घेतली. उपटूनच टाकतो ते झाड!

पण बाहेर भलताच वारा सुटलाय. कलमाचा सांधा अजून कोवळा आहे, असल्या वाऱ्यात सहज निखळेल.

कुदळ कोपऱ्यात ठेवली. बांबू घेतला, सुतळी घेतली. निघालो. दार ओढून घेतो.