हळद झाकली तो दिवस

माय, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली, पण यंदाच्या हळदीचं तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शिजवलेली हळद आपल्या साखरा गावात खळ्याखळ्यावर वाळत पसरली होती आणि माझ्या मोबाइलवर पावसाचा इशारा आला. मी आता आपल्याच गावातल्या शेतकऱ्यांच्या कंपनीत काम करते. हवामानाची माहिती, बाजारातले भाव, लांबच्या व्यापाऱ्यांना मालाचे फोटो, सगळं माझ्याच हातून जातं. एकदा तुला हळद शिजवायला मदत म्हणून मी सेनगावचा कॉम्प्युटरचा क्लास बुडवला होता. तू कढईखालचा जाळ तसाच सोडून उठलीस. "हळद शिजवायला मी हाय की. तू काहून घरी बसलीस?" असं म्हणत मला फाट्यापर्यंत चालवत नेलंस आणि जीपमध्ये बसवलंस. वाटेत काका भेटले. "त्या डब्यापुढं बसून पोरीच्या जातीला काय मिळणार?" म्हणाले. तू थांबलीसुद्धा नाहीस.

तर इशारा. दुपारी तो मी गावाच्या ग्रुपवर टाकला आणि प्रत्येक खळ्यावर जाऊन सांगत फिरले. ऊन रणरणतंय. बाकीचे कुरकुरत का होईना उठतात, काका मात्र बाजेवरून हलत नाहीत. "आभाळ तर कोरं हाय. कुठून येऊन राहिला पाऊस?"

"काका, दिवस मावळायच्या आत येतो. हळद भिजली तर रंग जाईल. मग तिला कोण विचारतंय?"

ते तसेच पडून राहिले. मी पदर खोचला आणि त्यांची हळद ओढायला लागले. ते बघून शेजारच्या दोघी धावत आल्या, मग काकाही उठले. शेवटच्या ढिगावर ताडपत्री बांधतो न बांधतो तोच वारा सुटला आणि असा पाऊस कोसळला की समोरचं माणूस दिसेना. गावात कोणाचीच हळद भिजली नाही, माय. ती वाळल्यावर मी फोटो पाठवून केरळच्या व्यापाऱ्याला विकली. त्याचा ट्रक थेट गावात आला. पोती चढत असताना काका माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "तुझ्या मायनं बराबर केलं," एवढंच बोलले.

हे पत्र मी कुठं धाडणार? पण गावात कोणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. तो इशारा सकाळीच आला होता. लोक हसतील म्हणून मी दुपारपर्यंत गप्प बसले.